पाच छऱ्यांचा नेम

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी कुडाळच्या घराची कौलं उतरवली आणि आमचा माळा प्रथमच उजेडात आला. एरवी तिथे कंदील घेऊन जावं लागायचं. भाताची जुनी कणगी, मोडका पाळणा, देवाच्या मूर्तीचा पाट हे सगळं ओळखीचं होतं. आढ्याखालच्या पाटीला मात्र घोंगडीचं एक लांबट गाठोडं सुंभाने बांधून ठेवलेलं होतं. गाठ पाहिली आणि ती कोणाची ते कळलं. अण्णा पोस्टात होते. टपालाच्या पिशवीचं तोंड आवळताना ते दोन वेढे देऊन दोरी आतून काढायचे आणि शेवटी उलटा पीळ घालायचे. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण ती गाठ अजून घट्ट होती.

आत माझी रायफल होती. छऱ्यांची, हवेवर चालणारी, पण माझ्यासाठी ती कायम रायफलच होती. नळीवर तांबूस गंज चढला होता, दस्त्याला वाळवीने एका जागी चाटलं होतं. सोबत छऱ्यांचा पत्र्याचा चपटा डबा होता आणि त्यातल्या शिशावर पांढुरकी भुकटी जमली होती. डब्याखाली दोरा ओवलेला पोस्टकार्डांचा जाडजूड गठ्ठा होता. तो मी त्या दिवशी सोडला नाही. आधी बंदूक खांद्याला लावून पाहिली. दहाव्या वर्षी जो दस्ता माझ्या काखेच्याही मागे जायचा, तो आता बरोबर खांद्यात बसला.

१९७३ साली ती माझ्या हातात आली. त्याआधी ती अण्णांची होती, आणि अण्णांच्या आधी म्हापशाच्या एका तारवटीची. गोवा मुक्त झाल्यावर तिथलं टपाल भारतीय टपालखात्याकडे आलं आणि अण्णांची काही काळ म्हापशाला नेमणूक झाली. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या बाजारात परदेशी माल भरपूर असे. घड्याळं, रेडिओ, दाढीची पाती अशा वस्तू सावंतवाडीकडच्या माणसाला तिथेच बघायला मिळायच्या. आगबोटीवर काम करणाऱ्या त्या तारवटीने ही बंदूक स्वतःच्या मुलासाठी आणली होती. मुलगा शिकायला लांब गेला, म्हणून त्याने ती अण्णांना विकली. किती रुपयांना, ते अण्णांनी आईलाही कधी सांगितलं नाही.

तिच्या पाठीवर एक चित्र कोरलेलं आहे. गंज पुसल्यावर ते परत दिसू लागलं. शिकारीची रोमन देवता डायना उभी आहे, तिचं धनुष्य पायाशी पडलेलं आहे आणि दोन्ही हातांनी तिने बंदूक डोक्यावर उंच धरली आहे. लहानपणी मला ती आमच्या देवीसारखी वाटायची. हे चिन्ह जर्मनीतल्या राश्टाट या गावच्या मायर आणि ग्रामेल्सपाखर यांच्या कारखान्याचं. कारखाना १८९०चा. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्यांनी तिथली यंत्रं उचलून स्कॉटलंडमधल्या मिलार्ड ब्रदर्स या कंपनीला दिली आणि डायना हे नावही तिच्याकडे गेलं. जर्मन कारखाना १९५०च्या सुमारास पुन्हा उभा राहिला, पण त्याला ब्रिटनमध्ये आपलंच नाव वापरता येईना. तिथे त्याच्या बंदुका ‘ओरिजिनल’ या नावाने विकल्या जात. नाव परत मिळायला १९८४ साल उजाडलं. आपल्याकडे मात्र ही भानगड कोणाच्या गावी नव्हती. छऱ्याची बंदूक कुठलीही असो, ती ‘डायना’च म्हटली जायची.

माझ्या बंदुकीच्या मागच्या टोकाला अगदी बारीक आकडे ठोकलेले आहेत, ०९ आणि ५७. महिना आणि साल. म्हणजे ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. प्रकार सत्तावीस क्रमांकाचा, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, भोक साडेचार मिलिमीटरचं.

अण्णांचा क्रम ठरलेला असायचा. पोस्टातून आले, चहा झाला, की परसात विहिरीपाशी यायचं. समोर जांभ्याच्या गडग्याला टेकून चिंध्या भरलेला रॉकेलचा डबा ठेवलेला असे आणि त्याच्या तोंडावर पोस्टकार्ड. पूर्वी घरोघरी दाराआड एक तार टांगलेली असायची, उत्तर दिलेली पत्रं तिच्यात खोचायची. त्या तारेतली जुनी कार्डं अण्णा काढत, मधोमध शाईचा ठिपका देत आणि डब्याला लावत. मग माझ्या तळहातावर पाच छर्रे मोजून ठेवत. पाचच, सहावा कधीच नाही. दिवाळीलाही नाही आणि माझ्या वाढदिवसालाही नाही. पाच झाले की ते कार्ड काढून आणत, भोकांवर एक पावली ठेवत आणि पाचही भोकं तिच्याखाली झाकली जातात का ते बघत. मग कोपऱ्यात तारीख घालत. याला ते ‘नेम’ म्हणत. नळी रोखण्यालाही नेम आणि रोजच्या या रिवाजालाही नेम. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना एकच शब्द आहे, हे तेव्हा कधी जाणवलं नव्हतं.

विहिरीच्या कट्ट्यापासून गडग्यापर्यंतचं अंतर मी परवा फितीने मोजलं. तेहतीस फुटांना दोन-तीन इंच कमी. हवेच्या रायफलीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दहा मीटरवरून होते, म्हणजे बरोबर एवढ्याच अंतरावरून. ती ऑलिम्पिकमध्ये आली १९८४ला. अण्णांनी हे अंतर कुठून काढलं, की विहिरीची जागाच तिथे होती म्हणून ते तसं पडलं, हे विचारायला आता कोणी नाही.

बंदूक धरायला त्यांनी मला शिकवलं ते एका वाक्यात: ‘अंडं धरलंयस असं समज.’ मला वाटायचं, मी लहान म्हणून ते असं सांगतात. खरं कारण मला आता बंदूक उघडल्यावर कळलं, आणि ते सविस्तर सांगितलंच पाहिजे.

या बंदुकीत दारू नसते. नळी मधून मोडून खाली ओढली की आतली जाड कमान दबते आणि तिच्या पुढचा दट्ट्या मागे जाऊन अडकतो. घोडा दाबला की दट्ट्या सुटतो आणि पुढची हवा चेपत जातो. ती तापलेली, दाबलेली हवा एका बारीक भोकातून नळीत घुसते आणि छऱ्याला ढकलते. पण जड दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि टोकाला पोहोचून तो हवेच्या उशीवर थांबतो तेव्हा तीच बंदूक पुढे हिसकते. मागे आणि पुढे असे दोन हिसके. हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. बंदूक घट्ट आवळून धरली तर हाताचा जोर रोज थोडा वेगळा पडतो, तेवढे हिसके वेगळे होतात आणि छर्रे विखुरतात. हात नुसता आधाराला ठेवला आणि तिला तिच्या मनासारखं हलू दिलं तर ती दर वेळी सारखीच हलते आणि छर्रे एका जागी पडतात. दारूची जड रायफल खांद्यात दाबून धरायला शिकलेली माणसं इथे हमखास चुकतात. तोफ जशी आपल्या गाड्यावर मोकळेपणी मागे येते, तशी ही पकड.

छर्रा भरल्याशिवाय घोडा दाबायचा नाही, हा अण्णांचा दुसरा नियम. त्यालाही असंच कारण. पुढे छर्रा नसला तर हवा अडत नाही, उशी तयार होत नाही आणि दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो. छर्रा स्वतः दिसायला डमरूसारखा असतो, कंबर बारीक आणि मागचा घेर पोकळ. मागून हवा लागली की तो घेर फुलतो आणि नळीतल्या मळसूत्री खाचांमध्ये घट्ट बसतो. त्या खाचा त्याला गरगर फिरवतात आणि फिरतो म्हणून तो सरळ जातो. इंग्रजीत ‘रायफल’ या शब्दाचा उगमच या खाचा पाडण्यात आहे. त्यामुळे माझी बंदूक रायफल आहे की नाही, या भावांशी झालेल्या जुन्या भांडणात मीच बरोबर होते.

१९७५च्या मार्चमध्ये, परीक्षा जवळ आलेली असताना, अण्णा घरी यायच्या आधी मी बंदूक काढली. गडग्यावर दयाळ येऊन बसला. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला, आमच्या आवारात पहाटे सर्वांत आधी शीळ घालणारा. मी अंडं धरावं तशी बंदूक धरली. श्वास अर्धा सोडून थांबले. सगळं अगदी शिकवल्यासारखं केलं. तो आवाज न करता पलीकडे पडला. मी हातात घेतला तेव्हा तो ऊबदार होता, पापण्या खालून वर मिटत होत्या आणि वजन एका लिंबाएवढंही भरलं नसतं.

अण्णा आले तेव्हा मी कट्ट्यावर तसाच तो ओंजळीत घेऊन बसले होते. त्यांनी पाहिलं, कपडे न बदलता जास्वंदीखाली खुरप्याने खड्डा केला आणि मला त्यात तो ठेवायला लावला. मग म्हणाले, ‘नेम चुकला नाही तुझा. नेम मोडलास.’ त्यानंतर चहा घेतला आणि रोजच्यासारखे पाच छर्रे काढून माझ्यापुढे धरले. मी हात पुढे केला नाही. त्या दिवसापासून मी बंदुकीला शिवले नाही, आणि त्यांनीही परत विचारलं नाही. पुढे शिक्षणासाठी वसतिगृहात गेले तेव्हा ती कुठे आहे, हेही मला माहीत नव्हतं.

म्हणून पुढे कधीतरी सलीम अलींचं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे १९८५चं आत्मचरित्र हाती आलं तेव्हा पहिली काही पानं मी थांबत थांबत वाचली. १८९६मध्ये जन्मलेला मुंबईचा हा मुलगा अगदी लहानपणीच आईवडिलांना मुकला आणि खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढला. छऱ्याची खेळातली बंदूक त्याला मिळाली ती मामांकडूनच. तिने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, नेहमीच्या चिमणीला नसतो तसा. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्डनी पक्षी ओळखला आणि घाबरलेल्या पोरापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट आपल्याकडे बोधकथेसारखी सांगितली जाते: चिमणी मारली, पश्चात्ताप झाला, पक्षितज्ज्ञ झाले. मला हे सांगणं पटत नाही. सलीम अलींनी स्वतः तसं म्हटलेलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते अभ्यासासाठी नमुने म्हणून पक्षी टिपत राहिले आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मला त्या गोष्टीत मोठे वाटतात ते मामा. मुलाने पक्षी आणून दाखवल्यावर त्यांनी मुलाच्या प्रश्नाला धरलं आणि त्याला योग्य दारापाशी नेऊन सोडलं. अण्णांपाशी सोसायटी नव्हती, मिलार्ड नव्हते. त्यांच्यापाशी खुरपं होतं आणि पाच छर्रे होते.

छऱ्याच्या बंदुकीने पक्ष्यांचं किती नुकसान होतं, याबद्दल मी हात राखून लिहिणार नाही. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१मध्ये ईस्ट कामेंग जिल्ह्यातल्या लुमदुंग गावातून पक्षी-प्राणी वाचवण्यासाठी ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झालं, तेव्हाचे पर्यावरणमंत्री मामा नातुंग यांच्या पुढाकाराने. लोकांनी घरातल्या बंदुका आपण होऊन आणून दिल्या. त्यांतल्या कितीतरी बापाने मुलाला दिलेल्या असणार. ज्याने ती दिली त्याच्या आठवणीसकट ती टेबलावर ठेवून घरी परत जाणं मला जमलं असतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. जमलं नसतं. म्हणूनच त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

रायफलीने, हवेच्या आणि दारूच्याही, महाराष्ट्राला दुसरीकडे काय दिलं, हेही पाहिलं पाहिजे. एनसीसीतून रायफलकडे आलेल्या अंजली भागवत सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या, चार वर्षांनी अथेन्सला सुमा शिरूर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या स्पर्धेत, जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री कोल्हापूरची आहे. आणि १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं, तेव्हा मी दूरदर्शनसमोर उभी राहून बघत होते. त्याच्या स्पर्धेत उभं राहून मारायची फेरी शेवटी येते. गोळी सुटण्याआधी त्याचा खांदा सैल पडलेला मला दिसला. दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, बॉलपेनच्या टोकाएवढा. ताकदीने तिथे काहीच मिळत नाही.

कुडाळला परत येऊ. बंदूक चालत नव्हती. नळी ओढली की कमान दबायची, पण घोडा दाबल्यावर नुसती फुस्स हवा. दोष वायसरचा होता. दट्ट्याच्या डोक्यावर चामड्याची एक वाटी असते, सायकलच्या पंपात किंवा रॉकेलच्या स्टोव्हमध्ये असायची तशीच, फक्त मोठी आणि जाड. ती सुकून कडकडीत झाली होती, बोटांत धरली तर तिचा चुरा पडला. जुनी कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या एका ऐंशीच्या घरातल्या कारागिराने बंदूक उघडून दिली. कमान दबलेली असते, उघडताना चुकलं तर तोंडावर येते, हे त्यांनी मला दोनदा बजावलं आणि मला चार हात लांब उभं केलं.

नव्या वायसरसाठी चामडं आणलं कोल्हापूरहून, चपला करणाऱ्यांकडून. त्याचंही कारण आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. असं कातडं ओलं करून साच्यात दाबलं की त्याचा आकार पकडून बसतं. रसायनात कमावलेलं कातडं सुकल्यावर परत सपाट व्हायला बघतं. कारागिरांनी गोल तुकडा कापला, रात्रभर पाण्यात ठेवला, लोखंडी नळीत लाकडी खुंटीने ठोकून बसवला आणि सावलीत वाळवला. तिसऱ्या दिवशी वाटी तयार. मग तिला तेल पाजलं, पण बेताने. तेल जास्त झालं तर दबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं, मोठा बार होतो आणि नळीतून धूर येतो. जर्मन बंदुकीच्या पोटात आता कोल्हापूरचं चामडं आहे आणि ते माझ्या मनाला फार बरं वाटतं.

ही बंदूक घरात ठेवणं कायद्यात बसतं का, तेही पाहून घेतलं. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठं भोक किंवा वीस ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. माझी माझ्या हिशेबाने आठ ज्यूलच्या आत-बाहेर आहे. दारूच्या बंदुकीचं तसं नाही. ती बापाकडून मुलाकडे येते तेव्हा परवानाही यावा लागतो. त्याच नियमांत त्याची सोय आहे. परवानाधारक वारला, सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर वारसाला अर्ज करता येतो.

देशात एक समाज असा आहे की बंदुकीचा वारसा त्याच्या जगण्याशी पुरता विणलेला आहे. कर्नाटकातले कोडगू म्हणजे कूर्गचे कोडव. १८६१मध्ये ब्रिटिश आयुक्त मार्क कबन यांच्या हुकमाने त्यांना परवान्यातून सूट मिळाली आणि ती केंद्र सरकारने २०२९पर्यंत वाढवली आहे. तिथे मुलगा जन्मला की बंदुकीचा बार काढून गावाला सांगतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला भाताची लावणी आटोपली की कैलपोळ्द या सणाला घरातली हत्यारं ओळीने मांडून पुजतात आणि बंदुकीच्या तोंडात कळलावीचं फूल खोचतात. त्यांच्या भाषेत त्या फुलाचं नावच ‘तोक पूव’, बंदुकीचं फूल. हे वाचताना आमची खंडेनवमी आठवली. पाटावर कोयता, विळी, आईची कात्री, अण्णांचा लाखेचा शिक्का आणि शेवटी ही बंदूक. नळीवर झेंडूचं एक फूल.

गठ्ठा मी सगळ्यात शेवटी सोडला. कार्डं तारखेप्रमाणे लावलेली होती. १९७३ची, ७४ची, प्रत्येकावर पाच भोकं आणि कोपऱ्यात एक अक्षर, माझी असतील तर माझ्या नावाचं, त्यांची असतील तर ‘मी’. काही भोकं अक्षरांतून आरपार गेलेली. रत्नागिरीच्या आत्याच्या पत्रातला ‘खुशाल’ मधोमध फुटलेला. माझी कार्डं मार्च १९७५ला संपतात. मला वाटलं होतं, गठ्ठाही तिथेच संपेल.

तो संपत नाही. त्यानंतर सोळा वर्षं फक्त ‘मी’ आहे. मी वसतिगृहात होते, नोकरीला लागले, लग्न झालं, त्या सगळ्या काळात अण्णा संध्याकाळी परसात एकटे पाच छर्रे मारत होते. आईने कधी सांगितलं नाही, मी सुटीला आले की त्यांनी कधी बंदूक बाहेर काढली नाही. १९८४-८५पर्यंत भोकं पावलीखाली बसतात. नंतर ती हळूहळू पांगू लागतात. १९८८मध्ये तळहाताएवढी, १९९०मध्ये एक-दोन कार्डाच्या कडेला. त्यांना मोतीबिंदू झाल्याचं आम्हा मुलांना कळलं ते १९९१ला. शेवटच्या कार्डावर तीनच भोकं आहेत. तारीख आहे, ‘मी’ आहे आणि खाली पेन्सिलीने ‘दोन गेले’.

त्या कार्डांमध्ये माझं एकही पत्र नव्हतं. दाराआडची तार अजून तिथेच आहे. तिच्यावर फक्त माझी पत्रं उरली होती, सगळी, एकही भोक नसलेली.

या दसऱ्याला भावाची नात आली होती. तिला मी नळी ओढून दाखवली, नळी कुठे रोखायची नाही ते सांगितलं आणि शेजारी कट्ट्यावर बसवलं. रॉकेलचा डबा मिळाला नाही, तेलाचा घेतला. पोस्टकार्ड पोस्टातून नवं आणलं, कारण आता तारेतून काढण्यासारखं काही नव्हतं. छर्रे नवे. मी पाच मोजले. हात पूर्वीसारखा स्थिर नाही, चष्म्यातून माशी आणि ठिपका एकदम स्पष्ट दिसत नाहीत. पहिला आवाज झाला तेव्हा जास्वंदीतून काहीतरी भुर्रकन उडालं आणि मी बंदूक खाली केली, ते लांब जाईपर्यंत थांबले. मग उरलेले चार.

पावली २०११मध्ये चलनातून गेली, पण आईच्या देव्हाऱ्यात एक होती. ती भोकांवर ठेवली. तीन झाकली गेली, दोन बाहेर राहिली. मुलीने विचारलं, आता माझे पाच? मी कार्डाच्या कोपऱ्यात तारीख घातली, ‘मी’ लिहिलं आणि तिच्यासाठी दुसऱ्या कार्डावर शाईचा ठिपका दिला.